नलार्बर एकट्याने ओलांडताना

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या नलार्बर मैदानातून नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा असा सुमारे १,६६० किलोमीटरचा महामार्ग जातो. १८४१ मध्ये हा टापू पार करणाऱ्या एडवर्ड एअर यांचं नाव त्याला दिलं आहे. १९७६ पासून तो पूर्ण डांबरी आहे, त्यामुळे साधी कॅम्परव्हॅनही चालते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून हाकायची.

बॅलाडोनिया आणि केगुना यांच्या दरम्यान सलग १४६.६ किलोमीटरमध्ये एकही वळण नाही. इथे खरी भीती डुलकीची, त्यात शेजारी बोलायलाही कुणी नाही! दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे कराच. मध्येच डांबरावर धावपट्टीचे पांढरे पट्टे दिसले तर चक्रावू नका. आणीबाणीत फ्लाइंग डॉक्टर या हवाई वैद्यकीय सेवेचं विमान तिथेच उतरतं. सांज झाली की कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठलेला बरा.

पेट्रोल, जेवण, खोली सगळं रोडहाऊसवरच. दोन रोडहाऊसमधलं अंतर कधीकधी १८० किलोमीटरच्याही वर जातं, तेव्हा भाव न बघता टाकी भरा. पिण्याचं पाणी मात्र निघतानाच भरून न्या. मोबाइलची रेंज बराच वेळ नसते. उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र जवळ असू द्या.

पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेजच्या नाक्यावर गाडी तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात. लिंबं-मिरच्या आदल्या रात्रीच्या स्वयंपाकातच संपवा.