मानेतली माळ

पहाटे ५
मानपाड्याहून निघाले तेव्हा कोंबड्यांचे टेम्पो ठाण्यात शिरत होते. माझ्या पेटीत कात्र्या, हातमोजे, फॉर्मॅलिन आणि बर्फाचा डबा.

७.१५, शहापूर तालुका
एकोणीस दिवसांच्या पिल्लांचा लॉट, दोन दिवसांत मर वाढलेली. पिल्लं पडद्याशी गोळा होऊन बसलेली, तुरे फिकट. फेब्रुवारी २०२२मध्ये वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून तालुक्यात मर म्हटली की आधी तीच भीती. इथे मर एकदम लागलेली नव्हती, तोंडंही सुजलेली नव्हती. मास्क चढवला आणि कापायला घेतलं.

"मॅडम, गंबोरोच असणार. बर्सा बघा," पोल्ट्रीवाले दादा म्हणाले. बर्सा गुदद्वाराच्या वर असतो, गंबोरो या विषाणूरोगात सुजतो. हा सुजलेला नव्हता.

८
मग मानेचं कातडं सोललं. ही सवय सगळ्या डॉक्टरांनी लावून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. निरोगी पिल्लाच्या मानेत गळ्याच्या शिरेला धरून दोन्हीकडे सात-आठ फिकट गुलाबी मणी असतात. तो थायमस. आपल्याला तो छातीत असतो, कोंबडीला असा ओवलेला. या पिल्लांत मण्यांच्या जागी बारीक पांढुरके कण उरलेले. मांडीचं हाड मोडलं, तर आतला मगज लाल नव्हे, पिवळट.

दादांना मी मण्यांचं काम सांगितलं. मगजातून आलेल्या पेशी इथे तयार होतात. त्यांतल्या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या इथेच संपतात, उरलेल्या टी पेशी म्हणून रक्तात जातात. काही रोगट पेशींना मारतात, काही बर्सात तयार झालेल्या बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला मदत करतात. टी म्हणजे थायमस, बी म्हणजे बर्सा. माणसाच्या 'बी पेशीं'तलं 'बी' अक्षरही कोंबडीकडूनच आलंय. ब्रूस ग्लिक यांनी बर्साचं काम १९५६ साली छापलं, तोवर ते कळलेलं नव्हतं.

"मग गंबोरोची लस परत देऊ?"
"दादा, लस ज्यांना जागं करणार त्या पेशीच कमी पडल्यात."

९.३०
माझा संशय चिकन ॲनिमिया विषाणूवर. तो आईकडून अंड्यातून येतो. अंड्यावर येण्याआधी मातृकळपाला लस झाली, तर पिल्लांना पहिले काही आठवडे आईची प्रतिपिंडं पुरतात. विषाणूवर औषध नाही. एवढंच करायचं: तूस कोरडं, ऊब नीट, गर्दी कमी. थंडी-उपाशीपणाच्या ताणानेही हे मणी सुकतात.

दुपारी १
नमुने पीसीआरसाठी दिले.

रात्री ९
दादांचा फोन. "आणखी तीन गेली, मॅडम. मान सोलून बघितली. माळ नाही."