जुन्या शिडाच्या बोटीवर नवी यंत्रं : आधी काय घ्यावं?

आता खर्चाकडे येऊ. जुन्या बोटीवरची सगळी यंत्रं एकदम बदलायची गरज नसते. आपण आधी एवढंच विचारू या, की कोणतं यंत्र नसेल तर बोट धोक्यात येते? खोली मोजणारं. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. सकाळी जिथून सहज निघालो, तिथेच दुपारी तळ टेकू शकतो.

या यंत्राच्या सेन्सरसाठी तळाला भोक पाडावंच लागतं असं नाही. फायबरग्लासचा तळ भरीव असेल, तर सेन्सर आतून चिकटवता येतो. ध्वनिलहरी आरपार जातात. मधे फोम किंवा बाल्सा लाकूड असेल, तर मात्र ही पद्धत चालत नाही. म्हणून आधी पाण्याच्या पिशवीत सेन्सर ठेवून तळावर धरून बघू. आकडा नीट आला, की मगच चिकटवू, आणि तेव्हा हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही.

वाऱ्याचं यंत्र नंतर. डोलकाठीतून केबल ओढणं हेच त्यातलं कष्टाचं काम. सौरऊर्जेवरचा वायरलेस सेन्सर घेतला, तर ते वाचतं.

शेवटचं म्हणजे, जुनी यंत्रं बहुधा एनएमईए ०१८३ बोलतात, नवी एनएमईए २०००. जुनं-नवं जोडायचं तर मधे कन्व्हर्टर लागतो. त्याचे पैसे आधीच हिशोबात धरू या.