विश्लेषण : स्वमग्न मुलांची थेरपी घरी करता येते का? पालकांचा रोजचा अर्धा तास का महत्त्वाचा?

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, गाडी हातात दिली तर नुसते चाक फिरवत बसते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशी घरातली मंडळी समजूत काढतात आणि वर्ष निघून जाते. मग निदान होते स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे. तालुक्याच्या गावी थेरपिस्ट नसतो. शहरात असतो, पण आठवड्यातून दोन-तीन तास मिळतात आणि तेवढ्याचेही शुल्क अनेकांना झेपत नाही. उरलेला सगळा वेळ मूल घरीच असते. त्या वेळेचे काय करायचे, या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातील अभ्यासाने दिले आहे.

स्वमग्नता म्हणजे नेमके काय?

हा आजार नाही, मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे. संवाद साधणे, इतरांत मिसळणे या मुलांना अवघड जाते. काही हालचाली किंवा आवडी ती पुन:पुन्हा करतात. आवाज, प्रकाश, स्पर्श काहींना असह्य होतो. तीव्रता प्रत्येक मुलात वेगळी असते. १९४३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे काही दशके ‘आईच्या मायेत कमी पडले’ असा दोष आयांच्या माथी मारला गेला. संशोधनाने तो खोटा ठरवला. लसीमुळे ऑटिझम होतो, हा १९९८ मधील दावाही टिकला नाही. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला.

गोव्यातील अभ्यास काय होता?

गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी ब्रिटनमधील एक पद्धत दक्षिण आशियातील कुटुंबांसाठी बदलून घेतली. २ ते ९ वर्षे वयाची ६५ मुले त्यात होती. यात थेरपी द्यायला तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते ते काम करत होते आणि तज्ज्ञ त्यांच्यावर देखरेख ठेवत होते. सहा महिन्यांत, दर पंधरवड्याला एक, अशी १२ सत्रे झाली.

पद्धत साधी होती. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाची चित्रफीत काढायची आणि ती दोघांनी मिळून पाहायची. ‘इथे त्याने तुमच्याकडे बघितले, पण तुम्ही तेव्हा दुसरे खेळणे पुढे केले’ असे क्षण हेरायचे. मुलाला शिकवण्यापेक्षा मूल काय सांगू पाहते आहे ते ओळखायला पालकांनी शिकायचे, हा त्याचा गाभा. त्याला जोड रोजच्या सरावाची.

निष्कर्ष काय निघाला?

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुले स्वत:हून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढण्याऐवजी कमी झाला. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. तरीही तज्ज्ञांची वानवा असलेल्या भागात पालकांच्या मदतीने मुलाचा संवाद वाढू शकतो, हे त्यातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा पालकांसाठी नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटींचा प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला आहे.

घरी नेमके काय करायचे?

रोज साधारण अर्धा तास, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून, मुलासमोर जमिनीवर बसावे. ते चाक फिरवत असेल तर गाडी काढून न घेता आपणही चाक फिरवावे. त्याने बघितले की ‘चाक’, ‘फिरलं’ असा एकच शब्द बोलावा आणि थांबावे. मनात दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत थांबणे हेच बहुतेकांना सर्वांत कठीण जाते. ‘हे काय? रंग कोणता?’ असा प्रश्नांचा मारा टाळावा.

बाकीचा सराव रोजच्या कामांत करता येतो. पोळी हवी की भात, हे दोन्ही समोर धरून विचारावे. मुलाने बोट दाखवले, नुसती नजर वळवली तरी ते उत्तर मानावे. उठणे, दात घासणे, आंघोळ, नाश्ता या क्रमाची चित्रे भिंतीवर लावली तर पुढे काय होणार ते मुलाला कळते आणि चिडचिड कमी होते. कुकरच्या शिट्टीने किंवा ढोल-ताशाने मूल कान झाकून किंचाळत असेल तर तो हट्ट समजू नये. ओरडण्याऐवजी त्याला शांत खोलीत न्यावे.

घरात कोणती भाषा बोलावी?

‘घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते’ असा सल्ला अनेक पालकांना मिळतो. स्वमग्न मुलांवरील अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणे मागे पडत असल्याचे आढळलेले नाही. उलट मोडक्या इंग्रजीत आई कमी बोलते आणि आजी-आजोबा तर गप्पच होतात. मुलाशी मोकळेपणाने खेळता-बोलता येते ती भाषा घरात ठेवावी.

सगळा भार आईवरच का?

घरची थेरपी म्हणजे बहुतेक घरांत आईची थेरपी होते. नोकरी तिची सुटते, बोलणीही तिलाच खावी लागतात. आईने दिवसभर थेरपिस्ट होणे अपेक्षित नाही. अर्ध्या तासातला वाटा वडिलांनी, आजोबांनी उचलावा. भावंडांनाही आई-बाबांचा वेगळा वेळ हवा. घरचा सराव तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाला पर्याय नाही. वाचा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून अधूनमधून दिशा तपासून घ्यावीच लागते.

मदत कुठे मिळते?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या विम्यात थेरपीचा खर्चही येतो.

‘ऑटिझम पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. स्टेम सेल उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा उपचारांसाठी दागिने मोडण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आणि निदानाची तारीख मिळायला महिने लागणार असतील, तरी जमिनीवर बसून खेळण्याचा अर्धा तास आजपासून सुरू करता येतो. मूल पुढे स्वमग्न नाही असे ठरले, तरी त्या वेळेने त्याचे काहीच नुकसान होत नाही.