भट्टीवर जाण्याआधी

सकाळी 6
वैशाखरे, कल्याण-नगर रस्त्यावरचं माळशेजच्या अलीकडचं गाव. दिवाळी सरली, भात झोडून झालं. गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, चुलीवरची शेवटची भाकर उतरवतात, पिशवी भरतात. झोळीकाटा, दंडाची पट्टी, लोहाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, वही. उशीर केला तर वाडीत माणूस सापडत नाही.

7
कातकरीवाडीत बांधाबांध सुरू आहे. भांडी गोधडीत, कोंबड्या डालग्याखाली. भिवंडीकडच्या वीटभट्टीचा टेम्पो परवा येणार. पावसाळ्यात घेतलेली उचल आता फेडायची. नवराबायकोने मिळून विटा थापायच्या, मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते, पुरा हिशोब पावसाच्या तोंडावर. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 सालचा. उचल अजून चालूच आहे.

"जगायला चाललो ताई," म्हातारी म्हणते.

8
पहिलं घर. दोन वर्षांचा पोरगा, काही केल्या हात देईना. ताई त्याला गोळ्यांची रिकामी पट्टी खेळायला देतात. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी. सैल नको, आवळ नको. 11.8 सेंटिमीटर, पिवळा रंग, म्हणजे मध्यम कुपोषण. 11.5च्या खाली लाल. इथे अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. भट्टीवर आई पहाटेपासून चिखलात असेल, तेव्हा याला कोण भरवणार? ताई मोठ्या बहिणीला समोर बसवून समजावतात. ती असेल आठेक वर्षांची.

9:30
शेजारी एक बाळ, नववा महिना चालू. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने भरल्यावर देतात. वीस दिवस कमी पडतात आणि टेम्पो थांबणार नाही. पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की आशाला 100 रुपये मिळतात. ताई पैशांचं बोलत नाहीत. कार्डावर पुढच्या लसीची तारीख ठळक लिहितात. "रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेव. भिजू देऊ नको."

11
सात महिन्यांच्या गरोदर बाईला घेऊन टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, नवऱ्याला पूर्ण. रांग, रक्त तपासणी, परत रांग. हिमोग्लोबिन आठच्या जरा वर. ताई तिला गोळ्या मोजून देतात. "चहाबरोबर घेऊ नको. संडास काळी होते, घाबरून बंद करू नको." बहुतेक बायका तिथेच बंद करतात, हे ताईंना पाठ आहे.

3
भाकरी आणि मिरचीचा ठेचा, रुग्णालयाच्या ओट्यावर. मग वही. कोण, किती माणसं, कुठे. 'कुठे'पाशी अडतं.
"भट्टी कुठल्या गावात?"
"पुलाच्या पलीकडं, शेठच्या शेतात."
मुकादमाचा नंबर तेवढा या माणसांकडे असतो. ताई तो लावतात. दोनदा उचलत नाही, तिसऱ्यांदा गावाचं नाव सांगतो. मग त्या गावच्या आशाताईचा शोध, या नर्सबाईकडून त्या नर्सबाईकडे.

सरकारी आरोग्ययंत्रणा गाव धरून चालते आणि ही माणसं सहा-सात महिने गावात नसतात. मधली जागा या फोननेच भरली जाते. मला हे काम धोरणाच्या कुठल्याही कागदाइतकंच मोलाचं वाटतं.

6
नंबर मिळतो. बाळाचं नाव, लसीची तारीख, गरोदर बाईचा महिना, सगळं सांगून होतं.

कल्याण-भिवंडीकडे तुमच्या घराजवळ भट्टी लागली असेल, तर तिथल्या आशाताईला एवढं कळवा की पोरं आली आहेत. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, पत्ता कुठलाही असो.