मोलकरीण, रेजा आणि भार्या

मोलकरीण हा शब्द आज धुणीभांडी करणाऱ्या बाईपुरता उरला आहे. मोल्सवर्थच्या कोशात मात्र ‘मोलकरी’ हा पुल्लिंगी शब्दही सापडतो. मोल घेऊन काम करणारा तो मोलकरी. पुढे पुरुष मजूर झाला, कामगार झाला, त्याची संघटना झाली. बाई तेवढी मोलकरीणच राहिली. वास्तविक त्या शब्दात हलके असे काही नाही. मोल ठरवून काम करणारी, एवढाच त्याचा अर्थ. ते मोल पुष्कळदा ठरलेलेच नसते, ही गोष्ट निराळी!

आमच्या चंद्रपूरकडे बांधकामावरच्या बाईला ‘रेजा’ म्हणतात. कोशकार हा शब्द फारसी ‘रेजा’शी जोडतात, आणि त्याचा अर्थ तुकडा, कण. डोक्यावर विटांचे घमेले घेऊन दोन मजले चढणारी बाई म्हणजे कण! 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला, त्यातले तत्त्व पुढे 2019 च्या वेतनसंहितेतही आले. तरी रेजा म्हटले की दर कमी, हा हिशेब ठेकेदाराच्या तोंडून मी अनेकदा ऐकला आहे. हरकत घेतली की म्हणतो, “अहो, ती रेजाच ना?” शब्द असा दराच्या रकान्यात जाऊन बसतो.

आता ‘भार्या’ घ्या. ‘भृ’ म्हणजे पोसणे. जिला पोसायचे ती भार्या. त्याच धातूपासून ‘भृत्य’, म्हणजे चाकर, आणि ‘भृती’, म्हणजे मजुरी. संस्कृत शाळेत न शिकलेल्या माझ्यासारख्याला ही सोयरीक कोशातच भेटली. पण गडचिरोलीकडे उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम पाहा. बाई पहाटे रानात जाते, पाने तोडते, घरी येऊन पुडे बांधते आणि फळीवर नेते. मग पोसते कोण आणि पोसले जाते कोण?

‘पत्नी’चे तसे नाही. पति म्हणजे स्वामी, पत्नी म्हणजे स्वामिनी; पाणिनीने तर हा शब्द यज्ञातल्या सहभागाशी बांधला. ‘दंपती’तला ‘दम’ म्हणजे घर. घराचे धनी ते दंपती, दोघेही. आणि हजेरीपटावर? तिथे मी ‘अमक्याची बायको’ एवढीच नोंद पाहिली आहे. अंगठा तिचा, नाव त्याचे. नोंद बदलायला लावली, तर कारकुनाने विचारले, “नाव काय हिचे?” बाई शेजारीच उभी होती, तिनेच सांगितले.