दोष थंडीचा नाही, वेळापत्रकाचा आहे

“मायनस तीसमध्ये बसथांब्यावर कोण उभं राहणार? इथे गाडीशिवाय गत्यंतरच नाही.” कॅनडात किंवा मिनेसोटात स्थिरावलेल्या मराठी घरांत नव्याने आलेल्याला मिळणारा हा पहिला सल्ला. शिकायला आलेल्या मुलांना तो मिळतो, सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना मिळतो. तिथल्या नगरपालिकेत अर्थसंकल्पावर चर्चा सुरू झाली की हेच वाक्य तिथेही ऐकू येतं. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते, हे मला मान्य आहे. पण वाक्य चुकीचं आहे आणि त्याने नुकसानही होतं. बससाठी पैसे मागितले की थंडी पुढे केली जाते. मग पैसे मिळत नाहीत, बस अर्ध्या तासाने येते, लोक वैतागून गाडी घेतात आणि शेवटी हे वाक्य खरंच होतं असं वाटायला लागतं.

आधी आकडे पाहू. कोविडनंतर सगळ्याच शहरांची प्रवासीसंख्या कोसळली, म्हणून त्याआधीची, २०१६ची कॅनडाची जनगणना घेऊ. विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं. तिथे मेट्रो नाही, ट्राम नाही. सार्वजनिक वाहतूक म्हणजे बस, एवढंच. तरीही महानगर क्षेत्रात कामावर जाणाऱ्यांपैकी १३.६ टक्के लोक तीच वापरत होते. ऑटवा-गॅटिनोमध्ये हे प्रमाण १८.३ टक्के होतं. तिथला मुख्य भार १९८३पासून सुरू झालेल्या ‘ट्रान्झिटवे’वर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या रस्त्यांवर होता. आता अमेरिकेतलं फीनिक्स बघा. वर्षभर ऊन, बर्फाचा पत्ता नाही, आणि सार्वजनिक वाहतुकीने कामावर जाणारे जेमतेम २ टक्के. लोकांना बसपासून थंडीच तोडत असती, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकातच दिसते. विनिपेग आणि ऑटवा या दोन्ही शहरांत बसफेऱ्या कमी होतात त्या उन्हाळ्यात. शाळा-विद्यापीठं बंद असतात, लोक सुट्टीवर जातात, म्हणून उन्हाळी वेळापत्रक हलकं असतं. सप्टेंबरात फेऱ्या पुन्हा वाढवतात आणि त्या वाढलेल्या फेऱ्यांनिशीच हिवाळ्यात शिरतात. मुंबईत पावसाळा आला म्हणून बेस्टची गरज संपली असं कोणी म्हणत नाही. थांब्याला छप्पर आहे का, रस्ता तुंबलाय का, गाडी वेळेवर येईल का, हेच लोक विचारतात. थंडीबाबतही प्रश्न हेच आहेत.

हवामानाचा परिणाम शून्य आहे असं मात्र मी म्हणत नाही. शिकागोच्या प्रवासीसंख्येचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की खराब हवेचा फटका रेल्वेपेक्षा बसला जास्त बसतो आणि कामाच्या दिवसांपेक्षा शनिवार-रविवारी जास्त जाणवतो. त्यात नवल नाही. रेल्वेची वाट छपराखाली बघता येते, बसची बहुतेक ठिकाणी उघड्यावर बघावी लागते. आणि मैत्रिणीकडे जाणं पुढे ढकलता येतं, रुग्णालयातली सकाळची पाळी ढकलता येत नाही.

म्हणजे खरा प्रश्न उघड्यावर किती वेळ उभं राहावं लागतं, हा आहे. तो अगदी हिशेबाने मांडता येतो. हवा उणे २० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे ३०च्या आसपास जातं. कॅनडाच्या पर्यावरण खात्याच्या तक्त्यानुसार विंड चिल उणे २८ ते उणे ३९ असताना उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हवा उणे ३० आणि वारा तोच असेल, तर विंड चिल उणे ४३ होतं आणि ही मुदत ५ ते १० मिनिटांवर येते.

आता हा तक्ता वेळापत्रकाशेजारी ठेवा. बस दर १० मिनिटांनी असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, आणि एक चुकलीच तर १०. नीट कपडे घातलेल्या माणसाला हे कष्टाचं असलं तरी झेपतं. बस दर ३० मिनिटांनी असेल आणि ती डोळ्यांदेखत निघून गेली, तर तोच माणूस हिमदंशाच्या मुदतीत अडकतो. तापमान तेच, वारा तोच, अंगावरचा कोटही तोच. फरक फक्त फेऱ्यांचा. ज्या शहरात थंडी जास्त, तिथे विरळ बससेवा जास्त महाग पडते. म्हणून ‘इथे थंडी आहे’ या वाक्यातून फेऱ्या वाढवायला हव्यात असाच निष्कर्ष निघतो. लोक नेमका उलटा काढतात, याचा मला राग येतो.

“वेळ बघून घरातून निघायचं, प्रश्न मिटला,” असं काही जण म्हणतात. पहिल्या बससाठी हे जमतं. बस बदलायची असेल तर दुसऱ्या बसची वाट घरात बसून बघता येत नाही. पहिली बस बर्फामुळे सहा मिनिटं रखडली की दुसरी निघून गेलेली असते, आणि तुम्ही अनोळखी चौकात उभे. फोनवर बस कुठे आहे ते दिसतं, हे खरं. पण कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी मान टाकते, चांगला निम्मा चार्ज असलेला फोन अचानक बंद पडतो आणि स्क्रीनला हात लावायचा तर हातमोजा काढावा लागतो. विनिपेगमध्ये प्रत्येक थांब्याला पाच आकडी क्रमांक असतो आणि तो देऊन पुढच्या बसची वेळ विचारता येते. सोय चांगली आहे, पण तिलाही चालू फोन लागतो. म्हणून मोठ्या बदलथांब्यांवर खांबावरची वेळदर्शक पाटी लावलीच पाहिजे.

वाट बघणं मनात किती लांबतं, याचंही मोजमाप झालेलं आहे, आणि तेही थंड मुलखातच. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या थांब्यांवर प्रवाशांना किती वेळ थांबलात असं विचारलं आणि उत्तरं प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहिली. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहीच सोय नसलेल्या थांब्यावर लोकांना वेळ किमान १.३ पट वाटला. बाक, निवारा आणि बस कधी येणार हे सांगणारी पाटी असेल, तर हा फुगवटा बराच कमी झाला. असुरक्षित वाटणाऱ्या जागी दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागलेल्या स्त्रियांना तो वेळ प्रत्यक्षापेक्षा खूपच लांब वाटला. हिवाळ्यात तिथे साडेचार-पाचलाच अंधार पडतो, तेव्हा थांब्यावरचा दिवा ही चैन समजू नये.

यानंतर येतो तो थांब्यापर्यंतचा रस्ता, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बर्फ पडला की स्नोप्लाऊ आधी मुख्य रस्ता साफ करतो आणि सगळा बर्फ कडेला लोटतो. ती कड म्हणजेच बसथांबा. रात्रीतून तिथे गुडघाभर उंचीचा बांध तयार होतो आणि सकाळपर्यंत तो दगडासारखा कडक झालेला असतो. बस येते, दार उघडतं, आणि दार व प्रवासी यांच्यामध्ये हा बांध असतो. तरुण माणूस ढांग टाकून पलीकडे जातो. पिशवी घेतलेल्या आजी एका हाताने खांब धरून पाय ठेवायला जागा शोधतात. बाबागाडीवाली आई चालकाकडे बघत राहते. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर रस्त्यावर उतरून गाड्यांच्या वाटेत थांबावं लागतं. बसला पायरी नाही, उतार (रॅम्प) खाली सोडता येतो, सगळं आधुनिक आहे. पण तो उतार टेकवायचा कुठे?

हा बांध कोणी काढायचा, हे शहरागणिक बदलतं. विनिपेगमध्ये फुटपाथचा बर्फ पालिका स्वतः काढते, पण क्रम ठरलेला असतो आणि आतल्या गल्ल्यांचा नंबर उशिरा लागतो. मिनियापोलिसमध्ये ही जबाबदारी लगतच्या घरमालकाची आहे आणि त्याला साधारण २४ तासांची मुदत मिळते. एक मालक गावाला गेला की सबंध फुटपाथची साखळी तुटते. स्टॉकहोमने गेल्या दशकात हा क्रमच बदलायचं ठरवलं: फुटपाथ, बसथांबे आणि सायकलमार्ग आधी, गाड्यांचे रस्ते मागून. नोव्हेंबर २०१६मध्ये विक्रमी बर्फ पडून शहर ठप्प झालं, तेव्हा या धोरणाची जगभर टिंगल झाली. पण त्यामागचं कारण भक्कम होतं. स्वीडनमध्ये हिवाळ्यात जखमी होणाऱ्यांत गाडीतल्या माणसांपेक्षा घसरून पडणारे पादचारी कितीतरी जास्त असतात, आणि त्यांत स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च शेवटी सरकारी तिजोरीवरच येतो.

विनिपेगने २९ जून २०२५ रोजी बसमार्गांचं सगळं जाळं एका दिवसात बदललं. मुख्य रस्त्यांवर सरळ आणि वारंवार धावणारे मार्ग, त्यांना जोडणारे छोटे मार्ग आणि एकमेकांपासून लांब थांबे. दिशा योग्य आहे, असं माझं मत आहे. दर दोनशे मीटरवर थांबणारी बस कधीच वेळेवर पोहोचत नाही. पण थांबे लांब गेले, चालणं वाढलं आणि तक्रारीही आल्या. त्या तक्रारींना ‘लोकांना बदल नको असतो’ म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे. जुलैतलं जास्तीचं दोनशे मीटर आणि जानेवारीतल्या निसरड्यावरचं दोनशे मीटर यांत फार मोठा फरक आहे. थांबे कमी करायचे, तर वाचलेल्या पैशातून उरलेल्या थांब्यांकडे जाणारे फुटपाथ पहिल्या दिवशी साफ करण्याची हमी त्याच ठरावात द्यायला हवी.

आता बाकीचे गैरसमज.

‘हीटरवाले थांबे उभारले की झालं.’ हीटर चांगलाच, गर्दीच्या थांब्यावर हवाच. मिनियापोलिसमध्ये बटण दाबलं की काही मिनिटं तो चालतो. पण शहरातल्या प्रत्येक खांबाशी वीज आणि काचेची खोली नेणं अशक्य आहे, आणि दर दहा मिनिटांनी येणारी बस प्रत्येक थांब्याला लाभते. शिवाय बेघर माणसं रात्री या निवाऱ्यांत आसरा घेतात, हे विनिपेगमध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना हुसकावून किंवा निवाराच पाडून प्रश्न सुटत नाही. तो घरांचा प्रश्न आहे आणि तो बसखात्याच्या गळ्यात घातला जातो.

‘इलेक्ट्रिक बस थंडीत चालतच नाही.’ चालते, पण कमी अंतर चालते. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर ट्रान्सपोर्टेशन अँड द एन्व्हायर्न्मेंट’ने २०१९मध्ये दिलेला आकडा असा: तापमान १०-१५ अंशांवरून शून्य ते उणे ५च्या पट्ट्यात उतरलं की एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर सुमारे ३८ टक्क्यांनी घटतं. त्यातला मोठा वाटा बसच्या आतल्या हीटरचा. डिझेल इंजिनाची वाया जाणारी उष्णता बस फुकटात गरम ठेवते. इथे ती ऊब बॅटरीतून काढावी लागते, आणि दारं दर थांब्याला उघडतात. उपाय माहीत आहेत: आगारात प्लगला लावलेली असतानाच बस गरम करून घेणं, उबेसाठी इंधनावरचा वेगळा हीटर ठेवणं, शेवटच्या थांब्यावर झटपट चार्जिंग करणं. मॉस्कोने २०१८पासून शेवटच्या थांब्यावरच्या चार्जिंगचा मार्ग धरला आणि चार-पाच वर्षांत तिथल्या इलेक्ट्रिक बसेस हजारावर गेल्या. ऑस्लोत २०२४च्या जानेवारीत थंडीमुळे फेऱ्या रद्द झाल्या, हेही खरं. घटलेल्या अंतराचा हिशेब धरून जास्तीच्या बसेस आणि चार्जर ठेवले नाहीत, तर असं होणारच.

‘डिझेलला थंडी बाधत नाही.’ बाधते. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, एअर ब्रेकच्या नळ्यांत पाणी गोठतं. म्हणून तर हिवाळ्यासाठी वेगळं डिझेल येतं आणि बसेस बंदिस्त आगारात ठेवतात.

‘मेट्रो आणली की हवामानाची कटकट संपते.’ ऑटवाची नवी रेल्वे जानेवारी २०२३मध्ये गोठणाऱ्या पावसाने अनेक दिवस पूर्ण मार्गावर धावू शकली नाही, आणि तेव्हा बंद भागातले प्रवासी वाहिले ते बसनेच.

‘बस जितकी लांब तितकी चांगली.’ मधोमध सांधा असलेल्या, मागे इंजिन असलेल्या जोडबसेस घसरड्या चढावर दुमडतात. सिएटलमध्ये बर्फ पडला की त्या काढून साध्या बसेस सोडतात.

‘तिकीट माफ करा, गर्दी होईल.’ एस्टोनियातल्या टॅलिनने जानेवारी २०१३पासून शहरवासीयांना बस फुकट केली. स्वीडनच्या संशोधकांनी पहिल्या काळातली वाढ तपासली, तेव्हा प्रवासी सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्यातली फुकट तिकिटामुळे झालेली वाढ १.२ टक्के; बाकीची वाढवलेल्या फेऱ्या आणि नव्या बसमार्गिकांसारख्या सुधारणांमुळे झाली होती.