काचेतला समुद्र (भाग ९) : औषधाची बाटली खाली ठेवा

मागच्या आठवड्यात नव्या टाकीतलं खारं पाणी मुरवण्याबद्दल लिहिलं होतं. आज त्या टाकीतल्या सगळ्यात नाजूक रहिवाशाकडे, समुद्रफुलाकडे म्हणजे अ‍ॅनिमोनकडे वळू. तेही तो धड नसतो तेव्हाच्या त्याच्या अवस्थेकडे. कालपर्यंत टपोरा दिसणारा अ‍ॅनिमोन आज लोळागोळा होऊन पडलाय, रंग उडून पांढराफटक झालाय, किंवा रात्रीतून चालत जाऊन पंपाच्या तोंडात सापडलाय आणि बूड फाटलंय. असं काही दिसलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाण्यात काय घालू? या प्रश्नातच गोम आहे. दोन फुटी टाकीत, आणि त्यातून नागपूरसारख्या गावी, आजारी अ‍ॅनिमोनवर करण्याजोगा खरा उपचार एकच आहे. त्याच्याभोवतीचं पाणी पुन्हा ठिकाणावर आणायचं आणि पुढचे कित्येक आठवडे ते तिथून हलू द्यायचं नाही. बाटलीतले बहुतेक उपाय त्याला आजारापेक्षा लवकर संपवतात.

हे असं का, ते त्याच्या शरीररचनेत आहे. अ‍ॅनिमोनला हाडं नाहीत, कल्ले नाहीत, मूत्रपिंडं नाहीत. पेशींचे दोन थर, मधे जेलीसारखा पदार्थ आणि आत एक पोकळी, एवढाच त्याचा संसार. तोंडाच्या कडेला असलेल्या खोबणीतून बारीक केसांच्या हालचालीने तो पाणी आत ओढतो, तोंड मिटतो आणि त्या पाण्याच्या दाबावर उभा राहतो. आपल्याला ‘फुललेला’ दिसणारा अ‍ॅनिमोन म्हणजे मुख्यतः टाकीचंच पाणी. माशाचं शरीर आतल्या क्षारांचं प्रमाण स्वतः सांभाळतं; अ‍ॅनिमोनला ते जमत नाही. बाहेरचा खारेपणा वाढला की आतलाही वाढतो. म्हणून पाण्यात काही ओतणं हे त्याच्या बाबतीत थेट पेशींना दिलेलं औषध ठरतं, आणि पाण्यातला बिघाड हा थेट पेशींचा बिघाड. हीच रचना लक्षात घेतली तर एका भीतीलाही फारसा अर्थ उरत नाही. अ‍ॅनिमोन अधूनमधून आतलं घाण पाणी टाकून देतो आणि काही तास, क्वचित दिवसभर, चिपाडासारखा पडून राहतो. बूड दगडाला घट्ट धरून आहे आणि तोंड मिटलेलं आहे तोवर त्याला आजारी म्हणायची घाई नको.

आता नागपूरकडे या. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. अ‍ॅनिमोनला मानवतं ते पाणी २४ ते २७ अंशांचं, आणि पाणी गार करणारा चिलर घेण्याची ऐपत किंवा तयारी सगळ्यांची नसते. मग टाकीवर छोटा पंखा लावतात. उपाय उत्तम आहे, कारण त्यामागे माठाचंच तत्त्व आहे : वाफ उडते, पाणी निवतं. दोन फुटी टाकीत दगड-वाळू वजा जाता जेमतेम ५० लिटर पाणी उरतं. त्यातलं एक लिटर उडून जाताना उरलेलं पाणी सुमारे १२ अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. खोली ती परत देत राहते म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फरक दिसतो. मेमधल्या कोरड्या हवेत हा पंखा झकास चालतो, जुलैत हवा दमट झाली की त्याच पंख्याचा जोर ओसरतो. बंद खोलीत डेझर्ट कूलर लावला तरी तेच : खोली गार होते पण हवा ओली होते. खरी किंमत मात्र वेगळीच आहे. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. लिटरला ३५ ग्रॅम मिठाच्या ५० लिटरमधून रोज दोन लिटर उडालं आणि भर घातली नाही, तर पहिल्या दिवसाअखेर प्रमाण साडेछत्तीसच्या घरात आणि तिसऱ्या दिवसाअखेर चाळिसाला टेकतं. शुक्रवारी लग्नाला गेलेलं कुटुंब सोमवारी परततं तेव्हा टाकीचं तापमान अगदी बरोबर असतं, मासे पोहत असतात, आणि अ‍ॅनिमोन मात्र मुठीएवढा आकसलेला असतो. घरच्यांना वाटतं रोग लागला. रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचं साधं पाणी घालणं, खारं नव्हे, हाच इथला अर्धा दवाखाना आहे.

पाणी मोजणारी साधनं हा याच मुद्द्याचा पुढचा भाग. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. संवेदक बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. शासकीय यंत्राचं असं होतं, तर खारेपणा मोजणाऱ्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरचं काय घेऊन बसलात! काट्याला एक बुडबुडा चिकटला किंवा सांध्यात मीठ धरलं की आकडा चुकतो, आणि त्या चुकलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून मालक पाणी ‘दुरुस्त’ करतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तोही ठरावीक क्षारतेच्या द्रावणावर अधूनमधून तपासावा. दुसरा संशयित घरातच असतो. हल्ली अनेक घरगुती वॉटर प्युरिफायरमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं, आरोग्याला चांगलं म्हणून. काही घरांत शुद्ध पाणी तांब्याच्या पिंपातच साठवतात. माणसाला ते चालतं. अ‍ॅनिमोनसाठी तांबं हे विष आहे, अगदी अल्प प्रमाणातही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानात मिळणाऱ्या कित्येक औषधांत हेच तांबं असतं, आणि मासा वाचवण्याच्या नादात त्याच टाकीतला अ‍ॅनिमोन जातो. प्युरिफायरच्या शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा ‘टीडीएस कंट्रोलर’ही पाहून घ्या, मीठ कालवायचं पाणी टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ हवं. पावसाळ्यात डासांसाठी धुराची फवारणी होते तेव्हा टाकी झाकून एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवणंही शहाणपणाचं.

नुसतं पाणी सांभाळून जखमा भरतात का? भरतात, आणि पुरावा भरपूर आहे. टाक्यांत सर्वाधिक दिसणारा ‘बबल टिप’ अ‍ॅनिमोन स्वतःच उभा चिरत जाऊन दोन होतो. प्रत्येक अर्ध्यावर लांबच लांब उघडी जखम असते आणि ती कुणी मलम न लावता मिटते. टाक्यांत तण म्हणून माजणारा ‘एप्टेशिया’ तर बुडाचे कपटे मागे टाकत चालतो आणि त्या कपट्यांतून नवे प्राणी उभे राहतात. ज्याची घडण अशी आहे त्याला पंपाच्या पात्याने कापलं म्हणून तो मेलाच पाहिजे असं नाही. तो मरतो ते बहुधा कापल्यानंतर सुटलेल्या लगद्याने पाण्यात अमोनिया चढतो म्हणून. रंग उडण्याचंही तसंच. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. पाणी तापलं की ती बाहेर टाकली जातात आणि अ‍ॅनिमोन पांढरा पडतो. २०१६ साली ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर समुद्र तापला तेव्हा अभ्यासकांच्या नजरेखालचे जवळपास निम्मे अ‍ॅनिमोन असे पांढरे पडले, त्यांतल्या क्लाउनफिशांची अंडी घालण्याची संख्या घसरली, आणि पाणी निवल्यावर काही महिन्यांनी ते पुन्हा रंगावर आले. आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी. मालकाचा धीर सुटतो तो नेमका याच काळात. जुनं उदाहरण हवं असेल तर स्कॉटलंडमधलं आहे : सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेला एक लाल अ‍ॅनिमोन काचेच्या साध्या बरणीत, समुद्राचं पाणी बदलत ठेवून, १८८७ पर्यंत जगला. धन्याच्या पश्चातही तो हातोहात सांभाळला गेला. तो थंड पाण्यातला, भरती-ओहोटीचे हेलकावे सोसणारा वेगळा काटक प्रकार. आपल्या उष्ण समुद्रातल्या शैवालधारी प्रकारांशी त्याची सरळ तुलना होणार नाही. पण पंप, दिवे, औषधं काहीच नसताना नुसत्या ताज्या पाण्यावर साठ वर्षांच्या जवळ जाता येतं, एवढं तो सिद्ध करतो.

यावर जाणकार हौशी लोकांचा आक्षेप येतो तो सिप्रोफ्लॉक्सासिनचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समुद्रातून नुकत्याच काढून आणलेल्या मोठ्या अ‍ॅनिमोनना जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो. वेगळ्या टाकीत आठवडाभर रोज हे प्रतिजैविक आणि रोज सगळं पाणी नवं, अशा पद्धतीने ते वाचल्याचे परदेशी शौकिनांचे पुष्कळ अनुभव आहेत. पण ती पद्धत नीट बघा. औषधाबरोबर प्राण्याला रोज शंभर टक्के ताजं, मोजलेलं पाणीही मिळालं. कोणी वाचवलं, गोळीने की पाण्याने? नुसतं पाणी बदललेला दुसरा गट शेजारी ठेवल्याशिवाय हे सांगता येत नाही. काही संसर्गांत गोळी उपयोगी पडत असेलही. ते मी मान्य करतो. मात्र ती मुख्य टाकीत घालणं म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंवरच जुगार खेळणं. शिवाय हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं आहे, आणि अ‍ॅनिमोनसाठी ठरवून दिलेली मात्रा कुठल्याच पशुवैद्यकाच्या हातात नाही. उरलेलं औषधी पाणी शेवटी मोरीत जाणार आणि आपल्या मोऱ्यांची वाट नाग नदीकडे जाते, हेही विसरू नये. ‘निदान वेगळ्या बादलीत तरी ठेवू’ हा मवाळ पर्यायही मला पटत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू न रुजलेल्या दहा लिटरच्या बादलीत तो एका दिवसात चढतो. रोज सगळं पाणी बदलायची तयारी नसेल तर ती बादली टाकीपेक्षा वाईट.

दुसरा आक्षेप : पाणी हळूहळू सुधारायचं म्हणता, मग प्राणी तोवर तग कसा धरणार? इथे भेद करावा लागतो. खारेपणा आणि तापमान हळूहळूच फिरवायचं; खारेपणा तर दिवसाला लिटरमागे एखाद्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. पण चाचणीत अमोनिया दिसला तर निम्मं पाणी त्याच दिवशी बदलायचं, फक्त नवं पाणी मिठाला आणि उष्णतेला जुन्याशी तंतोतंत जुळवून. धक्का बसतो तो फरकाचा, बदललेल्या लिटरांचा नव्हे. खाऊ घालण्याचंही असंच तारतम्य आहे. पांढरा पडलेला अ‍ॅनिमोन शैवालांविना उपाशी असतो, म्हणून त्याला आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा कोलंबीचा तुकडा द्यावा. अख्खी कोलंबी दिली तर ती आत कुजते आणि तो ओकून टाकतो. तोंड सैल पडलेल्याला काहीच देऊ नये. त्याच्यात लोळणाऱ्या क्लाउनफिशला जाळीच्या टोपलीने दूर ठेवावं. माशाला त्यामुळे काही होत नाही, टाकीत तो अ‍ॅनिमोनशिवाय जन्मभर मजेत राहतो.

त्याला बाहेर काढायची घाई करायची ती एकाच प्रसंगी. तोंड वासून राहिलंय, आतले पडदे बाहेर लोंबताहेत, बूड कशालाच धरत नाही आणि हाताळल्यावर चिंध्या सुटून कुजका वास येतोय, तर तो गेलेला आहे. हातमोजे घालून त्याच क्षणी बाहेर काढा, कारण ५० लिटरमध्ये एक कुजणारा अ‍ॅनिमोन रातोरात बाकी सगळ्यांना घेऊन जातो. नंतर पाणी बदला, ताजा कार्बन घाला, चार-पाच दिवस रोज अमोनिया मोजा. आणि दुसरा आणायचाच असेल तर मेमध्ये आणू नका. टाकीचं तापमान आणि खारेपणा दिवसातून दोनदा लिहून ठेवत एक उन्हाळा आधी रिकामा जाऊ द्या. वहीतला आकडा २७ च्या वर वारंवार जात असेल तर पैसे अ‍ॅनिमोनवर न घालता चिलरवर घाला. दुकानात पिवळा, गुलाबी किंवा निळा असा एकसारख्या भडक रंगाचा दिसला तर तो बहुधा पांढरा पडल्यावर रंगवलेला असतो. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.